कार्यक्रम संपल्यावर टेबलावर उरलेली चळत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुस्तकांचं दुकान सुरू होऊन आठ महिने झाले. दर शनिवारी काही ना काही कार्यक्रम ठेवता. तीस-चाळीस माणसं येतात, टाळ्या वाजतात आणि शटर ओढताना बघावं तर टेबलावरची चळत होती तशीच. दुसरीकडे कुणी ‘काहीतरी चांगलं सुचवा’ म्हणालं की तुम्हाला ऐनवेळी काही आठवत नाही आणि गाजलेल्या चार पुस्तकांची नावं तोंडातून निघून जातात. या दोन अडचणी तुम्ही वेगवेगळ्या मांडल्या आहेत. मला त्या एकच वाटतात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मी चोवीस वर्षं एक छोटं दुकान चालवतो आहे. पहिली पाच-सहा वर्षं कार्यक्रम म्हणजे जाहिरात आणि शिफारस म्हणजे गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, अशी माझी समजूत होती. ती हळूहळू गेली. दोन्हींत काम एकच आहे: एक ठरावीक पुस्तक एका ठरावीक माणसाच्या हातात पडेल अशी तजवीज करायची. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन अशी: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. सूत्रं ग्रंथालयासाठी होती, पण दुकानाचं वर्णन मला याहून नेमकं कुठे सापडलेलं नाही. शिफारस करताना आपण पहिलं सूत्र पाळतो, कार्यक्रम घेताना दुसरं. एका माणसापाशी जे साधत नाही ते चाळीस माणसांपाशी एकदम साधणार नाही, म्हणून आधी शिफारशीचं बोलू.

‘काहीतरी चांगलं सुचवा’ म्हणणाऱ्याला लगेच पुस्तक काढून देऊ नका. ‘तुम्हाला कोणत्या प्रकारचं आवडतं?’ हा प्रश्नही मी सोडून दिला आहे. त्याची उत्तरं लोक विचार न करता देतात: ऐतिहासिक, रहस्य, आत्मचरित्र, ‘काहीही चालेल’. त्यातून हाती काही लागत नाही. मी दोन प्रश्न विचारतो. अलीकडे कोणतं पुस्तक संपत आलं तेव्हा वाईट वाटलं? आणि कोणतं अर्धवट सोडलं, साधारण कुठे? दुसऱ्या प्रश्नाला माणूस बिचकतो. पुस्तकाच्या दुकानात उभं राहून पुस्तक टाकून दिल्याची कबुली द्यायची म्हणजे अवघडच. अशा वेळी मी आधी माझं एखादं सोडलेलं पुस्तक सांगतो, मग त्याची जीभ सुटते. सोडलेल्या पुस्तकातून वाचकाबद्दल जेवढं कळतं तेवढं आवडलेल्या पुस्तकातून कळत नाही, कारण आवडलेल्याबद्दल लोक बऱ्याचदा परीक्षणांतले शब्द वापरतात आणि सोडलेल्याबद्दल स्वतःचे. ‘नावं लक्षात राहीनात’, ‘सगळे सारखे बोलत होते’, ‘कुत्रं मेलं तिथे मिटून ठेवलं’. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपालांची एक मांडणी मला फार उपयोगी पडली. वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो असं त्या म्हणतात: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. चारही दारं बहुतेक पुस्तकांना असतात, पण एखादं मोठं असतं आणि बाकीची लहान. आपण फसतो ते विषय आणि दार यांची गल्लत केल्यामुळे. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ समुद्रप्रवासावरच्या एका कादंबरीने भारावून गेले होते. मी त्यांना ओळीने समुद्राची दोन पुस्तकं दिली. दोन्ही अर्ध्यावर राहिली. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, त्या पहिल्या कादंबरीतला कोणता प्रसंग आठवतो? वादळ नाही, बेट नाही. म्हातारा खलाशी एका पोराला दोराची गाठ मारायला शिकवतो, ती दीड-दोन पानं त्यांनी मला जवळजवळ जशीच्या तशी ऐकवली. म्हणजे समुद्राशी त्यांना देणंघेणंच नव्हतं. हातातली विद्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, ते त्यांना हवं होतं. मग मी सुतारकामाच्या उमेदवारीवरचं एक पुस्तक दिलं. त्यात पाण्याचा थेंब नव्हता आणि ते त्यांनी आठवड्यात संपवलं. ‘कोणता प्रसंग आठवतो?’ हा माझा तिसरा प्रश्न तेव्हापासूनचा.

एवढं विचारून झालं की तीन पुस्तकं काढा. एक त्याने सांगितलेल्याच्या अगदी शेजारचं, एक त्याहून पाऊलभर पलीकडचं आणि एक तुमच्या स्वतःच्या जिव्हाळ्याचं, मात्र त्याच्या दाराशी जुळणारं. एकच दिलं तर नकार द्यायला माणूस संकोचतो, सात दिली तर गोंधळतो. पुस्तकं हातात द्या, बोटाने फळी दाखवू नका. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं पुरतात आणि त्यात कथानक नको. वाचताना कसं वाटतं ते सांगा: गती कशी आहे, प्रकरणं लांब की आखूड, कुठे अवघड जातं, शेवट बांधलेला आहे की मोकळा. मग तिथून चक्क निघून जा. बिलं लावा, पलीकडच्या फळीवरची धूळ पुसा. माणूस पहिलं पान आपल्या नजरेखाली नीट वाचूच शकत नाही. तीन-चार मिनिटांनी वळून बघा; एखादं पुस्तक छातीशी आलेलं असतं.

डोळ्यांनी जे कळतं ते प्रश्नांनी कळत नाही, त्याचा एक अनुभव सांगतो. एक बाई वडिलांसाठी पुस्तक न्यायला आल्या. वडील पूर्वी आठवड्याला एक पुस्तक संपवायचे. आई गेल्यापासून वर्षभर त्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं. मी तत्परतेने शोकाविषयीचं, मला स्वतःला एका वाईट काळात आधार दिलेलं पुस्तक काढून दिलं. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. पुस्तक उघडलंही गेलं नव्हतं. या वेळी वडील बरोबर होते. मी काही सुचवलं नाही, नुसता बघत राहिलो. त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उचललं, उघडलं, हात लांब नेला, मग पुस्तक खिडकीच्या उजेडाकडे तिरपं केलं आणि ठेवून दिलं. दुसरं उचललं, पुन्हा तेच. दुःख तर होतंच, पण त्यांना अक्षर दिसत नव्हतं आणि घरात ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नेहमीच्या पुस्तकाचा टाइप साधारण दहा-अकरा पॉइंटांचा (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) असतो, मोठ्या टाइपाच्या आवृत्त्या १६ ते १८ पॉइंटांत छापतात. माझ्याकडे तशी जेमतेम सहा पुस्तकं होती. त्यातलं पक्ष्यांवरच्या छोट्या लेखांचं एक मी त्यांच्या शेजारी टेबलावर ठेवलं आणि बाजूला झालो. तीन पानांचा एक लेख त्यांनी उभ्याउभ्याच वाचून काढला. पान उलटताना बोट ओलं करण्याची जुनी सवय परत आलेली मला काउंटरवरून दिसत होती. आज मोठ्या टाइपाची एक अख्खी फळी माझ्याकडे आहे, दारापासून जवळ, कमरेच्या उंचीवर, म्हणजे वाकावं लागत नाही आणि मागावंही लागत नाही.

विकलेल्या पुस्तकाची विचारपूस करायलाच हवी, पण ‘आवडलं का?’ असं विचारू नका. त्यावर माणूस ‘हो, छान’ म्हणतो आणि पुढच्या खेपेला आपल्याला टाळतो. ‘कुठपर्यंत आलात?’ असं विचारा. यात न संपवण्याची मोकळीक आधीच दिलेली असते. ‘नव्वदाव्या पानावर अडकलोय’ हे उत्तर माझ्या दृष्टीने सोन्यासारखं आहे. मी एक वही ठेवतो: तारीख, वाचकाची खूण, काय सुचवलं, काय झालं. चौथा रकाना भरायला महिने जातात, पण शिकतो आपण त्याच रकान्यातून. वहीत कुणाच्या घरच्या गोष्टी किंवा आजारपण लिहीत नाही. ते ऐकलेलं दुकानातच राहिलं पाहिजे.

आणि न वाचलेलं पुस्तक वाचल्यासारखं भासवू नका. ‘मी वाचलेलं नाही, पण ज्यांची निवड माझ्याशी जुळते अशा दोन वाचकांना आवडलंय’ असं सांगण्यात कमीपणा नाही. आपल्या शब्दाला वजन येतं ते अशा कबुल्यांमुळे. हवं ते पुस्तक आपल्याकडे नसेल आणि आवृत्ती संपली असेल, तर ग्रंथालयात पाठवा. तो माणूस तिथून वाचून परत आपल्याकडेच येतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

मुलांबाबत एवढंच: प्रश्न मुलाला विचारा, आईवडिलांना नाही. पुस्तक पेलेल का ते बघायचं असेल तर मधलं एखादं पान वाचायला द्या आणि न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायला सांगा. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या मोठ्याने वाचून दाखवण्याचं, एकट्याने वाचण्याचं नव्हे. आणि वयाने मोठ्या मुलीला चित्रांचंच पुस्तक हवं असेल तर घेऊ द्या.

आता फळीवरच्या चिठ्ठ्या. आपण समोर नसतानाही शिफारस चालू ठेवणारं याहून स्वस्त साधन दुकानात दुसरं नाही आणि ते सर्वांत वाईट वापरलं जातं. माझ्याकडे एक कादंबरी अकरा महिने पडून होती. खाली चिठ्ठी होती: ‘अप्रतिम. प्रत्येकाने वाचावी अशी.’ कुणी ढुंकून बघेना. एका संध्याकाळी मी ती चिठ्ठी काढून दुसरी लिहिली: ‘पहिली साठ पानं संथ आहेत. थोरली बहीण घरी परतते तिथपासून खाली ठेवता येत नाही. मृत्यू आहे, पण लेखिका रडवायला बघत नाही. प्रकरणं आखूड, झोपण्यापूर्वी दोन वाचण्याजोगी.’ खाली माझं नाव आणि तारीख. फळीवर चारच प्रती होत्या, त्या महिन्याभरात गेल्या आणि मला पुन्हा मागवाव्या लागल्या. पहिल्या चिठ्ठीत पुस्तक नव्हतंच, नुसती माझी भावना होती. दुसरीत पुस्तक होतं आणि त्याची संथ बाजूही होती. ‘साठ पानं संथ’ वाचून ज्यांना नको ते लोक निघून जातात, पण जे घेतात ते एकसष्टाव्या पानापर्यंत धीर धरतात. चिठ्ठी हाताने लिहा, अक्षर सुवाच्य असलं म्हणजे झालं. एका कपाटात दोनहून जास्त नकोत, नाहीतर कुठलीच वाचली जात नाही. आणि चिठ्ठी असलेलं पुस्तक मुखपृष्ठ समोर करून ठेवा. त्यात चार-पाच पुस्तकांची जागा जाते हे खरं, पण नुसत्या कण्यावरून पुस्तक उचलणारा वाचक आधीच काहीतरी शोधत आलेला असतो. जो शोधत नाही, त्याला चेहरा दिसावा लागतो.

आता कार्यक्रम. इथे मला पॅरिसमधली एक जुनी गोष्ट सांगायची आहे, कारण तुमच्या अडचणीचं उत्तर तिच्यात आहे. सिल्विया बीच या अमेरिकी बाईने १९१९ साली तिथे ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ नावाचं इंग्रजी पुस्तकांचं छोटं दुकान आणि वाचनालय काढलं. तिची मैत्रीण आद्रियेन मोनिये हिचं फ्रेंच पुस्तकांचं दुकान १९१५ पासून होतंच. आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ला प्रकाशक मिळेना तेव्हा बीचने ती कादंबरी दुकानातर्फे छापायला घेतली: हजार प्रती, आगाऊ मागणी नोंदवून. पुस्तक आलं २ फेब्रुवारी १९२२ रोजी. पण त्याआधी जवळजवळ दोन महिने, ७ डिसेंबर १९२१ला, मोनियेच्या दुकानात वालेरी लार्बो या फ्रेंच लेखकाचं त्या कादंबरीवर व्याख्यान झालं आणि तिच्यातले उतारे वाचले गेले. दुकान खच्चून भरलं होतं. यात तीन गोष्टी बघा. बोलणारा स्वतः लेखक नव्हता, त्या लिखाणाने झपाटलेला एक वाचक होता. विषय एकच पुस्तक होता. आणि ऐकून भारावलेल्या माणसाला तिथल्या तिथे करण्याजोगं काहीतरी होतं: नाव नोंदवणं. पुढे १९३६ साली बीचचं दुकान बंद पडायच्या बेतात आलं तेव्हा आंद्रे जीद आणि इतर लेखकांनी मिळून वर्गणीदार सभासद गोळा केले. सभासदांसाठी दुकानात लेखक स्वतः वाचन करत. जीद, पॉल व्हालेरी, टी. एस. एलियट यांनी तिथे वाचलं. दुकान सावरलं आणि १९४१ पर्यंत चाललं.

तुमचे कार्यक्रम मी पाहिलेले नाहीत, पण तुम्ही पाठवलेल्या यादीवरून वाटतं की ते पुस्तकाभोवती नसून विषयाभोवती आहेत: ‘वाचनसंस्कृती’, ‘आजची कविता’, ‘लेखकाशी गप्पा’. असं ऐकून माणूस तृप्त होऊन घरी जातो. त्याला विकत घ्यावंसं वाटेल असं काही त्याच्यासमोर आलेलंच नसतं. कार्यक्रमाचं नाव ठरवण्याआधी पुस्तक ठरवा आणि ते तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असलं पाहिजे. हे मी अनुभवाने सांगतो. सहाव्या की सातव्या वर्षी एका लेखिकेची मुलाखत मीच घेतली. पुस्तक दोनशे पानांपर्यंत वाचलं होतं, उरलेलं चाळलं होतं. दुकान भरलं होतं. माझे सगळे प्रश्न बालपण, प्रेरणा, लिहायची सवय असे. त्या छान बोलल्या. शेवटी मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, ‘शेवटच्या पत्रावर सही का नाही?’ लेखिका एकदम पुढे सरकून बसल्या, पाच मिनिटं त्या एका पत्रावर बोलल्या आणि मी ते पत्र वाचलेलंच नव्हतं. त्या पाच मिनिटांत जी माणसं उठून बसली तीच नंतर टेबलापाशी आली. सारी संध्याकाळ तशी होऊ शकली असती. लेखिकेची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली.

म्हणून मांडणी अशी ठेवा. सुरुवातीच्या दहा मिनिटांत उतारा वाचला गेला पाहिजे, स्वागत आणि परिचय मिळून तीन मिनिटं. उतारा आधी मिळून ठरवा. लेखकाला आवडणारा उतारा बरेचदा पुस्तकाच्या शेवटाजवळचा असतो, पण श्रोत्याला संदर्भ लागत नाही असा, पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातला उतारा हवा आणि तो अशा जागी तोडा की पुढे काय हे विचारावंसं वाटेल. सगळं मिळून पाऊण तास, मग पंधरा मिनिटं प्रश्न. तासाच्या वर गेलं की लोकांना घरची ओढ लागते आणि ते टेबलाला वळसा घालून दाराकडे जातात. प्रश्नांसाठी दोन वाचकांना आठवडाभर आधी पुस्तक वाचायला द्या. प्रश्न शिकवून ठेवायचे नाहीत. फक्त खोलीत तुमच्याखेरीज आणखी दोघांनी ते वाचलेलं असावं.

सहीचं टेबल दारात ठेवू नका. काउंटर आणि खुर्च्या यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे आधी बिल, मग सही, मग बाहेर असा एकच ओघ राहतो. रांगेतल्या प्रत्येकाला छोट्या कागदावर नाव लिहून द्यायला सांगा. नावं चुकीची लिहिली गेली की प्रत वाया जाते आणि वाचक हिरमुसतो तो वेगळाच.

प्रतींचा हिशेब हा खरा डोकेदुखीचा भाग. न विकलेली पुस्तकं प्रकाशकाला परत करण्याची पद्धत अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मंदीत रुजली. दुकानदारांनी धास्ती न बाळगता माल ठेवावा, हा हेतू. आज बहुतेक छोटी दुकानं याच सोयीवर कार्यक्रम घेतात, पण अटी प्रत्येकाच्या निराळ्या असतात. परत घेणार का, किती दिवसांत, वाहतूक कुणाकडे, हे मागणी नोंदवतानाच लेखी घ्या. एकदा कार्यक्रमाच्या प्रती दोन दिवस उशिरा आल्या. लेखक समोर, श्रोते समोर आणि टेबल रिकामं. चूक माझीही होती, मी मागणी दहा दिवस आधी दिली होती. आता मी महिनाभर आधी देतो आणि आठवडा उरला असताना फोन करून खोके निघाले का ते विचारतो. येणाऱ्या माणसांच्या निम्म्या प्रती मागवतो आणि फारच थोड्या वेळा त्या कमी पडल्या आहेत. सही केलेली प्रत सहसा परत घेतली जात नाही. लेखक उत्साहाने सगळ्या चळतीवर सह्या करू लागले तर नम्रपणे थांबवा. आपण पुढच्या दोन-तीन महिन्यांत विकू शकू तेवढ्याच प्रतींवर सह्या घ्या.

अनुवादकांना बोलवा, हे मी मनापासून सांगतो. अनुवादकाइतकं बारकाईने ते पुस्तक क्वचितच कुणी वाचलेलं असतं. एक वाक्य, त्याचे तीन वेगवेगळे अनुवाद फळ्यावर लिहून ‘यातलं मी दुसरं का घेतलं’ एवढ्या एका गोष्टीवर मी अर्धा तास भरगच्च जाताना पाहिला आहे. त्या संध्याकाळी श्रोत्यांनी फळ्यावरचं वाक्य पुस्तकात शोधून काढलं आणि शोधायला पुस्तक हातात घ्यावंच लागतं.

दर आठवड्याला वक्ता आणण्याची दमछाक मात्र थांबवा. त्याऐवजी ज्यात तुमची शक्ती खर्च होत नाही असं काहीतरी नियमित ठेवा. गप्प बसून एकत्र वाचण्याचे मेळावे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मैत्रिणींनी सुरू केले आणि ते जगभर पसरले. आपापलं पुस्तक आणायचं, तासभर शेजारी शेजारी बसून वाचायचं, मग ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं. तयारी शून्य. लाजऱ्या वाचकांसाठी तर हे वरदान आहे. मी त्या तासात स्वतःही वाचतो, कारण दिवसभरात दुकानदाराला वाचायला तेवढाच वेळ मिळतो. शेवटच्या अर्ध्या तासात शेजारच्याचं पुस्तक बघून ‘हे आहे का तुमच्याकडे?’ असं विचारणारे दोघे-चौघे तरी निघतातच. तिथे शिफारस वाचकच एकमेकांना करतात.

वाचकगट काढायचा असेल तर आठ ते बारा जण पुरेत आणि दोन बैठकींत सहा आठवड्यांचं अंतर ठेवा. महिन्याचा गट मी दोनदा काढला, दोन्ही वेळा तिसऱ्या बैठकीला अर्धे लोक न वाचता आले आणि शरमेने चौथ्या बैठकीला फिरकलेच नाहीत. न संपवलेल्यांनीही यावं, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि बोलण्याची सुरुवात त्यांच्यापासून करा: कुठे थांबलात, का? पुस्तक निवडताना बाजारात पुरेशा प्रती आहेत का ते आधी बघा. जाहीर केल्यावर आवृत्ती संपलेली निघाली की गटाचा उत्साह मावळतो. आणि ज्यावर सगळ्यांचं एकमत होईल असं पुस्तक शक्यतो टाळा. गटाला बोलायला लावतो तो मतभेद.

मुलांची गोष्टीची वेळ सकाळी, अर्ध्या तासाची, दर आठवड्याला त्याच वारी आणि त्याच वेळी. तीन मुलं आली तरी रद्द करू नका. मुलांना नियमितपणा कळतो, गर्दी कळत नाही.

तपकिरी कागदात गुंडाळलेली पुस्तकं, वर चार शब्दांचं वर्णन, आत काय ते घरी जाऊन बघायचं, हा प्रकार तुम्ही विचारला आहे. जरूर करा, पण वर्णनं त्या नव्या चिठ्ठीसारखी लिहा आणि पडून राहिलेला माल त्यात खपवू नका. तिथे माणूस नावही न बघता आपल्यावर विश्वास टाकतो. आत तुमची सर्वांत लाडकी पुस्तकं हवीत. आधीच वाचलेलं निघालं तर बदलून मिळेल, अशी चिठ्ठी आत ठेवा.

आता लगेच काय करायचं, ते. पुढच्या महिन्यातल्या चार शनिवारांपैकी दोन मोकळे सोडा. एका शनिवारी एकत्र वाचनाचा तास, एका शनिवारी एका पुस्तकावरची संध्याकाळ. मोकळ्या शनिवारी तुम्ही स्वतः दुकानात फळ्यांमध्ये फिरत राहा, काउंटरमागे बसू नका, आणि ते तीन प्रश्न दहा माणसांना विचारून बघा.

परवाच्या कार्यक्रमाच्या बावीस प्रती उरल्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. परत करायची मुदत आजच तपासा आणि सतरा बाजूला काढा. उरलेल्या पाच, मुखपृष्ठ समोर करून, दारातून शिरल्यावर उजव्या हाताला डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खाली चिठ्ठी लावण्याआधी त्यातली एक घरी घेऊन जा. ते पुस्तक तुम्ही पूर्ण वाचलं आहे का, हे तुमच्या एवढ्या सविस्तर प्रश्नात कुठेच आलेलं नाही. वाचून झालं की चिठ्ठी लिहा, त्यात ते कुठे संथ आहे तेही लिहा आणि तारीख घाला.